लाकडी धनुष्य करताना या चुका टाळा

तुटलेलं धनुष्य घेऊन येणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "लाकूडच खराब निघालं." लाकूड क्वचितच खराब असतं. दोन तुकडे जुळवून पाहिले की लगेच कळतं कुठे रंधा जास्त फिरला, कुठे पाठ सोलली गेली आणि कुठे "जरा ओढून बघू" झालं. त्याच त्या चुका बघून कंटाळलोय, म्हणून एकदाच लिहून टाकतो. बोलतोय ते एका अखंड लाकडातून काढलेल्या साध्या धनुष्याबद्दल. माझी पसंती धामणीला. कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडी जिच्या करतात तीच ही धामण. वाकते आणि पुन्हा सरळ होते. मात्र लाकूड रीतसर मिळवा, जंगलात कोयता घेऊन शिरू नका.

वखारीतून पट्टी कापून आणणे

करवत सरळ जाते, लाकडाचे धागे सरळ जात नाहीत. कापलेल्या पट्टीत धागा जिथे कडेतून बाहेर पडतो, तिथून ती एक दिवस उचकटतेच. म्हणून ओंडका पाचरी मारून फोडायचा. फाट आपोआप धाग्याच्या वाटेने जाते, आणि लाकूड आतून पिळलेलं असेल तर तेही तिथेच दिसतं. फोडायला घाम येतो, हे खरं आहे.

ओलं लाकूड

ओल्या लाकडाचं धनुष्य तुटत नाही, मरगळतं. ओढलं की बाक तसाच धरून बसतं आणि बाण पुढे ढकलण्याचा जोर संपतो. ओलावा आठ ते दहा टक्क्यांवर आला पाहिजे. फोडल्याबरोबर दोन्ही टोकांना फेविकॉल किंवा मेण फासा, नाहीतर टोकं आधी सुकतात आणि तिथून चिरा आत शिरतात. मग सावलीत, हवेशीर जागी आडवं ठेवायचं. गच्चीवरच्या उन्हात नाही. ओलावा मोजायचं मीटर नसेल तर दर आठवड्याला वजन करून त्याच लाकडावर पेन्सिलने लिहा. वजन उतरायचं थांबलं की ते आजूबाजूच्या हवेइतकं कोरडं झालं. कोकणात पावसाळ्यात तेवढ्यावर भागत नाही, कारण हवाच ओली असते. उलट विदर्भात मे महिन्यात लाकूड गरजेपेक्षा जास्त कोरडं पडतं आणि ठिसूळपणा येतो. "महिन्याभरात होईल का?" असं विचारणाऱ्यांना मी मानवेल बांबू घ्यायला सांगतो. त्यात कमीपणा काही नाही. भिल्लांचं धनुष्य बांबूचंच असतं, दोरीही बांबूच्याच चिवटीची. फक्त बांबूच्या बाहेरच्या चकाकत्या सालीवर कानस मारू नका, सगळं बळ तिच्याखालच्या धाग्यांत असतं.

पाठ गुळगुळीत करणे

धनुष्याची पाठ म्हणजे निशाणाकडची बाजू. पोट म्हणजे तुमच्याकडची. ओढताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. ताणलेल्या बाजूचे धागे मध्येच कापलेले असतील तर तिथूनच ढलपी उठते आणि पाठोपाठ कडाका ऐकू येतो. साल काढल्यावर खाली जो पृष्ठभाग मिळतो तीच पाठ, तिला हत्यार लावायचं नाही. उंचवटे असोत, खळगे असोत, जसं आहे तसं राहू द्या. जे काही तासायचं ते पोटातून तासा. वाढीची वलयं स्पष्ट दिसणाऱ्या लाकडात एकच वलय या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ठेवतात, तेही याच कारणाने. पण लोकांना धनुष्य दुकानातल्यासारखं दिसायला हवं असतं! पाठीला रंधा, मग पॉलिश पेपर, मग व्हार्निश. फोटो छान येतो.

"जरा ओढून बघू"

आता माझा खास राग. एक इंजिनिअर मुलगा माझ्याकडे शिकायला आला. लाकूड उत्तम, वर्षभर सुकवलेलं. मुठीच्या वरची आणि खालची पाती त्याने नीट काढली. जमिनीवर टेकवून दाबल्यावर दोन्हीकडे थोडा थोडा बाक येत होता. मी सांगितलं, आता थांब, पुढचं सावकाश करू. तो लाकूड घेऊन घरी गेला आणि सकाळी फोन आला, "काका, एक जागा जास्त वाकतेय. चिकटपट्टी गुंडाळू का?" पाठोपाठ फोटो आला. मुठीपासून वीतभर वर कोपरासारखा बाक, बाकीची पाती काठीसारखी ताठ. रात्री त्याने दोरी चढवून थेट 28 इंच ओढून पाहिलं होतं, कारण त्याला "किती पौंड होतंय ते बघायचं होतं", म्हणजे ओढायला किती जोर लागतो ते. पोटावर त्या जागी आडव्या बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. तिथले धागे दबून मोडले होते. ते पुन्हा उभे राहत नाहीत.

मग त्याने विचारलं, आतून पातळ पट्टी चिकटवली तर? मी सांगितलं, चिकटव, फक्त ओढताना समोर कोणी उभं राहू नये. शेवटी उपाय एकच उरला: दुबळ्या जागेला हात न लावता बाकी सगळं तिच्या पातळीला उतरवणं. पंचेचाळीस पौंडांचं ठरलेलं धनुष्य पंचविसाच्या आसपास आलं आणि त्याच्या भाच्याला मिळालं. भाचा खूश आहे.

हे असं का होतं ते समजून घ्या. रुंदी दहावा हिस्सा कमी केली तर कडकपणाही तेवढाच कमी होतो. जाडीचं तसं नाही. दहा मिलिमीटरचे नऊ केले की कडकपणा एक चतुर्थांशाहून जास्त उतरतो. म्हणजे कानशीचे चार हात जास्त पडले की सांधा तयार, म्हणजे एकाच जागी कोपरासारखं वाकणं.

माझी सवय सांगतो. पोटावर पेन्सिलने आडव्यातिडव्या रेघोट्या मारतो आणि फक्त जिथे ताठ आहे तिथल्या रेघोट्या काचेच्या तुकड्याने खरवडतो. मग वीस-तीस वेळा थोडंसं ओढून सोडतो, कारण लाकडाला झालेला बदल कळायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतरच बघायचं. भिंतीला खुंटी, तिच्यावर धनुष्याची मूठ, खाली दोरी ओढायला कप्पी, दोरीला लटकवायचा काटा, मागे भिंतीवर चौकटी आखलेल्या. चाळीस पौंडांचं धनुष्य हवं असेल तर काट्यावर चाळीस आले की थांबायचं, मग ते बारा इंचांवर येवोत की वीस. पुन्हा खरवडायचं, पुन्हा बघायचं. वरची पाती किंचित जास्त वाकली तर चालतं, कारण हात मध्याच्या जरा खाली धरला जातो. ग्राइंडर घेऊन येणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवतो.

बाकीच्या, थोडक्यात

आखूड धनुष्य. सिनेमात छान दिसतं. आल्प्समध्ये 1991 साली बर्फात सापडलेला पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सुमारे 1.60 मीटर उंचीचा होता, आणि त्याच्याजवळचं अर्धवट घडवलेलं, य्यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं धनुष्य सुमारे 1.82 मीटरचं. 1545 साली बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रजी जहाजातली धनुष्यं तर दोन मीटरच्या आसपास आहेत. 28 इंच ओढणार असाल तर 66 इंचांखाली पहिलं धनुष्य करूच नका.

गाठ आली तर तिच्याभोवती लाकूड जास्त ठेवा, सपाट करू नका.

नायलॉनची दोरी ताणते. डॅक्रॉन, म्हणजे पॉलिस्टरचा धागा, वापरा, हौस असेल तर अंबाडी वळा.

दोरी चढवून खुंटीला टांगून ठेवू नका. वापर झाला की उतरवा.

मांडीत अडकवून दोरी चढवली की पाती पिळतात. दोरी चढवायला वेगळी लांब दोरी मिळते, घरीही करता येते.

आणि बाण न लावता दोरी ओढून सोडणं. मालिकांमधला तो टणत्कार! जो जोर बाणाने न्यायचा तो सगळा पात्यांतच परत येतो, आणि चांगलं जुळलेलं धनुष्यही त्याने फुटतं. पाहुणे आले की त्यांना हा मोह हमखास होतो. माझ्या घरी पाहुण्यांच्या हातात दोरी उतरवलेलंच धनुष्य जातं.