आपल्या सांध्यांची हालचाल घरच्या घरी कशी पारखावी

सांधा पारखताना शेजारचा सांधा स्थिर ठेवावा, नाहीतर एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर जमा होते. सुजलेल्या किंवा दुखावलेल्या सांध्यावर हे प्रयोग करू नयेत.

प्रथम कोपर बरगडीला टेकवून काटकोनात दुमडावे आणि तळहात आधी उताणा, मग पालथा करावा. पालथा होताना अंगठ्याच्या बाजूचे हाड करंगळीच्या बाजूच्या हाडावरून आडवे जाते. मनगटाच्या थोडे वर दुसऱ्या हाताने धरल्यास ते हातालाही लागते. कोपर बरगडीपासून सुटले की खांदा मदतीला धावतो आणि पारख फसते.

खांद्यासाठी सोबतीला कोणीतरी हवे. त्याने पाठीमागे उभे राहून आपल्या खवाट्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडाच्या, खालच्या टोकावर बोट ठेवावे आणि आपण हात बाजूने सावकाश डोक्यावर न्यावा. सुरुवातीला ते टोक फारसे हलत नाही, पण पुढे काखेच्या दिशेने स्पष्ट सरकू लागते, कारण एकूण 180 अंशांपैकी सुमारे 120 अंशच खांद्याच्या खोबणीत घडतात आणि उरलेले साधारण 60 अंश खवाटा पुरवतो. कोल्हापुरात राहणाऱ्यांनी गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत जोर मारणाऱ्या मल्लाची पाठ जरूर पाहावी. खवाटे जवळ येतात आणि फाकतात ते तिथे जितके उघड दिसते तितके आकृतीत दिसत नाही, असे माझे मत आहे.

खुब्यासाठी उताणे झोपून गुडघा दुमडावा आणि मांडी पोटाकडे आणावी. नंतर तोच पाय सरळ ठेवून उचलावा. दुसरा पाय जमिनीवरच राहू द्यावा. सरळ पाय बराच आधी अडतो, कारण मांडीच्या मागचे स्नायू खुबा आणि गुडघा या दोन्हींवरून जातात व गुडघा सरळ असताना आधीच ताणलेले असतात. खुबा आखडला अशी तक्रार करणाऱ्यांनी हा फरक आधी तपासावा.

शेवटी बैठक. तालमीत ती टाचा उचलून मारतात. आपण टाचा टेकवून पूर्ण खाली बसावे. तोल मागे जात असेल, तर टाचांखाली पातळ फळी ठेवून पुन्हा बसावे, आणि तेव्हा सहज जमले तर अडचण गुडघ्यात नसून बहुधा घोट्यात आहे.