मुख्य कथेच्या वाटेवरचे मिनीगेम: कोणते, केव्हा आणि किती खेळावेत

मोठ्या व्हिडिओ गेममध्ये मुख्य कथेच्या जोडीला पत्त्यांचे डाव, मासेमारी, शर्यती, कराओके किंवा एखादा निराळा मोड दिलेला असतो. या छोट्या खेळांना मिनीगेम म्हणतात. हे सारे ऐच्छिक असते, आणि बहुतेकांचे गणित नेमके तिथेच चुकते. काही जण पहिल्या डावात हरल्याबरोबर त्या खेळाकडे कायमची पाठ फिरवतात. काही जण नकाशावरचे प्रत्येक चिन्ह पुसून टाकायचेच, अशा हट्टाने वेठबिगारी केल्यासारखे खेळत राहतात आणि शेवटी मूळ गेमचाही वीट येऊ देतात. मी हे दोन्ही प्रकार पुरेसे केले आहेत. आता मिनीगेम समोर आला की तो आपल्याकडून काय मागतो आहे, हे मी आधी पाहतो, कारण त्याला कधी, किती आणि कोणत्या मनःस्थितीत वेळ द्यायचा ते बहुतांशी त्यावरच ठरते.

काही मिनीगेम हाताचे वळण मागतात. 'स्टारड्यू व्हॅली' या २०१६ च्या गेममधली मासेमारी याचे चांगले उदाहरण आहे. मासा गरीला लागला की एक उभी पट्टी दिसते आणि त्या पट्टीत मासा वरखाली पळू लागतो. बटण दाबून धरले तर आपला हिरवा भाग वर चढतो, सोडले तर खाली येतो, आणि मासा त्या हिरव्या भागात राहील तोवर बाजूची मोजणी भरत जाते. नवखा खेळाडू बटण दाबून धरतो, हिरवा भाग थेट माथ्याला जाऊन आदळतो, मग घाबरून तो बटण सोडतो आणि भाग तळाशी आपटून उसळी घेतो; एवढ्यात मासा पसार झालेला असतो. बटण दाबून न धरता हलक्या हाताने लागोपाठ टिचक्या द्याव्यात, म्हणजे हिरवा भाग एका जागी तरंगता ठेवता येतो. हे कळायला मला बराच वेळ लागला, आणि कळले तेव्हा खाजन शेतीच्या मानशीपाशी (बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापाशी) गरवायला बसणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांची आठवण झाली, कारण दोर ताणायचा की सैल सोडायचा याचा निर्णय तेही असाच क्षणाक्षणाला करतात. सुरुवातीला हिरवा भाग फारच आखूड वाटत असेल, तर विलीच्या दुकानात २५ नाण्यांना मिळणारी शिकाऊ काठी घ्यावी. तिच्यामुळे हा भाग मोठा होतो. अवघड मासे तिला लागत नाहीत, पण शिकण्याच्या दिवसांत ती सोयच ठरते. पुढे मासेमारीची पातळी वाढत जाते तसा हिरवा भाग आपोआपच मोठा होतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात हा खेळ आपल्याला जमणारा नाही असे ठरवून टाकू नये. वळण मागणाऱ्या अशा खेळांना रोज दहा-पंधरा मिनिटे पुरतात. सलग दोन तास बसल्यास हात सुधारण्याऐवजी बिघडतो.

विचार मागणाऱ्या खेळांना मात्र सलग वेळ द्यावा लागतो आणि त्यांच्यात सुरुवातीचे पराभव ठरलेलेच असतात. 'द विचर ३' (२०१५) मधील ग्वेंट हा पत्त्यांचा खेळ व्हाइट ऑर्चर्ड या गावाच्या खाणावळीत एक विद्वान शिकवतो, तेव्हा तीन रांगा, हवामानाचे पत्ते आणि नायकांचे पत्ते पाहून गोंधळायला होते. प्रत्यक्षात सगळा खेळ एका गोष्टीवर उभा आहे. दोघांनाही प्रत्येकी दहा पत्ते मिळतात, त्यांतले दोन बदलून घेता येतात, आणि त्यानंतर तिन्ही फेऱ्या मुख्यतः त्या दहांवरच काढायच्या असतात. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या असल्यामुळे कोणती फेरी हरायची, हे ठरवण्यातच खरे कौशल्य आहे.

एक डाव उदाहरणादाखल पाहू. पहिल्या फेरीत मी प्रिन्स स्टेनिस हा हेर खेळतो. हेराचा पत्ता प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला पडतो, त्यामुळे त्याचे पाच गुण त्यालाच मिळतात, पण त्या बदल्यात मी दोन नवे पत्ते उचलतो, म्हणजे माझ्या हाती आता अकरा पत्ते असतात. त्यानंतर मी मध्यम ताकदीचे आणखी दोनच पत्ते टाकतो, आणि प्रतिस्पर्धी तीन चांगले पत्ते टाकून पुढे गेला की मी हात आखडता घेऊन फेरी सोडून देतो. फेरी त्याने जिंकलेली असते, परंतु त्याच्याकडे सात पत्ते उरलेले असतात आणि माझ्याकडे नऊ. उरलेल्या दोन फेऱ्यांत हे दोन जास्तीचे पत्ते फार जड जातात. हे तंत्र समजेपर्यंत मी प्रत्येक फेरी जिंकण्यासाठी हातातले बरेच पत्ते उधळत होतो आणि शेवटच्या फेरीत रिकाम्या हाताने बसत होतो. दुसरी सूचना गड्डीबद्दल आहे. गड्डीत सैनिकांचे किमान २२ पत्ते लागतात. त्याहून जास्त दुबळे पत्ते हौसेने भरले, तर चांगले पत्ते हाती येण्याची शक्यता तेवढीच घटते. नवा पत्ता जिंकला की एक जुना काढावा.

'फायनल फँटसी ८' (१९९९) मधील ट्रिपल ट्रायडही विचाराचाच खेळ आहे. प्रत्येकाने पाच पत्ते हाती घेऊन ते तीन बाय तीनच्या पटावर आळीपाळीने मांडायचे असतात आणि नऊ घरे भरली की डाव संपतो. या खेळाचे नियम त्या जगातल्या प्रदेशानुसार बदलतात आणि असावध खेळाडू ते एका प्रदेशातून दुसऱ्यात स्वतःच पसरवत नेतो. आपल्या संग्रहातून कोणतेही पाच पत्ते नशिबाने उचलून देणारा नियम सर्वत्र पसरला, तर नावडते पत्ते विनाकारण साठवल्याचा पश्चात्ताप होतो. म्हणून नव्या प्रदेशात पाऊल ठेवल्यावर डाव सुरू करण्यापूर्वी सेव्ह करावे आणि नियम वाचूनच होकार द्यावा.

तिसरा प्रकार चिकाटी मागणाऱ्या खेळांचा आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त सावधपणा तिथेच हवा. 'फायनल फँटसी १०' (२००१) मध्ये वादळी मैदानावर अंगावर येणारी वीज ऐन वेळी बटण दाबून चुकवायची असते. लुलू या पात्राच्या खास शस्त्राला लागणारे एक चिन्ह हवे असेल, तर सलग २०० वेळा ती चुकवावी लागते. मध्ये एकदा जरी वीज अंगावर पडली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जुलै महिन्यातल्या एका संध्याकाळी फोंड्यात धो धो पाऊस पडत असताना मी कागदावर रेघा ओढत १६० च्या पुढे पोहोचलो होतो, आणि तेवढ्यात आमच्या वाड्यावरची वीज गेली. पडद्यावरची वीज एवढा वेळ चुकवली, पण तारेतली काही चुकवता आली नाही. त्या दिवसापासून दोन नियम मी पाळतो. पावसाळ्यात यूपीएस नसेल तर सलग मोजणीचे कोणतेही आव्हान हाती घ्यायचे नाही, आणि ते बक्षीस मला खरोखर वापरायचे आहे का, हे स्वतःला आधी विचारायचे. लुलू माझ्या संघात फारशी नसेच. म्हणजे त्या दीड तासाला मुळातच काही कारण नव्हते.

नशिबाच्या खेळांबद्दल थोडक्यात सांगतो. 'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८) मध्ये पोकर, ब्लॅकजॅक, डॉमिनोज आणि बोटांमध्ये चाकू नाचवण्याचा खेळ आहे. पोकर व डॉमिनोज निवांतपणे खेळण्याजोगे आहेत आणि तंबूबाहेर कंदिलाच्या उजेडात डॉमिनोजचा डाव मांडून बसलेली माणसे पाहणे हाच एक अनुभव आहे. पण जुगाराच्या आव्हानांपैकी एकात ब्लॅकजॅकमध्ये (पत्त्यांची बेरीज २१ च्या वर न जाऊ देता जिंकायच्या खेळात) तीन किंवा अधिक पत्ते मागून तीन वेळा जिंकायचे असते, आणि त्यासाठी शहाणा माणूस जिथे थांबेल तिथेही पत्ता मागावा लागतो. हे कौशल्याने होत नाही, त्यामुळे अर्ध्या तासाची मर्यादा ठरवून बसावे आणि घड्याळाने सांगितले की उठावे. गोव्यात मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी रोज पाहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरी एक खुलासाही करावा लागतो: या कथेतले डॉलर गेममध्येच मिळतात आणि गेममध्येच संपतात. पैसे लावायला सांगणारे ऑनलाइन ॲप ही वेगळी गोष्ट आहे आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यांवर बंदी आहे. मुलांसमोर पोकरचा डाव चालू असेल, तर हा फरक स्पष्ट सांगून ठेवावा.

केव्हा खेळावे, हा प्रश्न अनेकदा विसरला जातो. मुख्य कथेत कोणी संकटात असेल आणि नायक पत्ते कुटत बसला असेल, तर गेम काही म्हणत नाही, पण आपल्या मनातली ओढ मात्र विरते. म्हणून एखादे प्रकरण संपून दुसरे सुरू होण्यापूर्वीचा अवकाश मिनीगेमसाठी राखून ठेवणे मला योग्य वाटते. 'याकुझा ०' या गेमने हे अवघड काम सहज केले आहे. गुन्हेगारी टोळ्यांची गंभीर कथा चालू असताना कामुरोचो या वस्तीच्या रस्त्यावरून जाता जाता सेगा कंपनीच्या आर्केडमध्ये (खेळयंत्रांच्या दालनात) शिरावे, तिथे 'आउट रन' या मोटार चालवण्याच्या खेळाचा एक डाव पुरा खेळावा आणि बाहेर यावे, इतके ते त्या शहराच्या जगण्यात मिसळून गेले आहे. आपल्याकडे जत्रेत देवदर्शन आणि खाजे घेणे यांत कोणी विसंगती मानत नाही, तसाच तो प्रकार आहे. उलट काही गोष्टी वेळेतच कराव्या लागतात: 'द विचर ३'च्या मूळ आवृत्तीत ग्वेंटचे काही पत्ते एका मेजवानीतल्या स्पर्धेतच मिळत आणि ती संधी हुकली की संग्रह अपुरा राहत असे. संग्रहाचा शौक असेल त्याने प्रत्येक मोठ्या प्रकरणाआधी स्वतंत्र सेव्ह ठेवावी. शौक नसेल त्याने अशा याद्या वाचूच नयेत; त्या वाचल्या की नसलेला शौक लागतो.

बक्षिसाचा विचार करताना ते मुख्य गेममध्ये कुठवर उपयोगी पडते, हे पाहून क्रम लावावा. 'जीटीए सॅन अँड्रियास' (२००४) मध्ये रुग्णवाहिकेच्या फेऱ्यांचे १२ टप्पे पुरे केल्यावर नायकाची प्रकृती कमाल मर्यादेपर्यंत वाढते. हे काम कथेच्या अखेरीस केले तर त्याचा लाभ घ्यायला मोहिमाच उरत नाहीत. ते मोठ्या शहरात करू नये, तर एंजल पाइनसारख्या चिमुकल्या गावात करावे, कारण तिथे रुग्ण आणि रुग्णालय एकमेकांपासून फार दूर नसतात आणि वाहतूकही तुरळक असते. ट्रिपल ट्रायडमध्ये जिंकलेल्या पत्त्यांचे तर वस्तूंमध्ये रूपांतर करता येते, आणि त्यामुळे सुरुवातीच्या काही तासांतच पात्रे एवढी बलवान होतात की पुढच्या लढाया पोरखेळ वाटू लागतात. ज्यांना लढाईतली चुरस हवी आहे त्यांनी पत्ते जिंकावेत, पण ते मोडून वस्तू करण्याचा मोह आवरावा.

नावडता मिनीगेम सक्तीने वाटेत आला, तर सेटिंग्ज उघडून पाहावीत. 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन' (२०१८) मध्ये प्रयोगशाळेतील कोडी वगळण्याची सोय सरळ दिलेली आहे आणि ती वापरण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कधी याच्या उलटही घडते. 'फिफा १३' पासून आलेले स्किल गेम हे खरे तर सरावाचे छोटे खेळ होते, पण आमच्या ओळखीतली फुटबॉलवेडी मुले पूर्ण सामन्याऐवजी एकमेकांचे गुण मोडण्यासाठी तेच तासन्‌तास खेळत, आणि त्यांचे क्रॉस व फ्री किक नंतर सामन्यातही सुधारलेले दिसत.

गणेश चवथीच्या सुट्टीत घर भरलेले असताना पूर्ण गेम चालवणे शक्य नसते. कथा समजावत बसायला कोणाला वेळ नसतो आणि कंट्रोलर एकच असतो. अशा वेळी पाच-दहा मिनिटांत संपणारे, एकाने खेळून दुसऱ्याच्या हाती देता येणारे मिनीगेम निवडावेत, आणि ते जिथून सुरू होतात तिथली सेव्ह आदल्या रात्रीच तयार ठेवावी. 'असॅसिन्स क्रीड ३' (२०१२) मधल्या पथिकाश्रमांत पटावरचे खेळ आहेत, त्यांत एकात एक काढलेल्या तीन चौकोनांवर दोघांनी नऊ-नऊ सोंगट्यांनी खेळण्याचा एक आहे. तो पट पडद्यावर दिसताच चवथीला आलेली माझी आत्या स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, "अरे, ही तर नवकंकरी!" देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या निवासात) फरशीवर कोळशाने पट आखून ती लहानपणी चिंचोके आणि खडे घेऊन हाच खेळ खेळत असे. इंग्रजी सूचना मी वाचल्या, सोंगटी कुठे ठेवायची ते तिने बोटाने दाखवले. तीन सोंगट्या एका ओळीत आल्या की प्रतिस्पर्ध्याची एक सोंगटी उचलता येते; तिने दोन ओळी अशा जुळवल्या की मधली एकच सोंगटी मागेपुढे केली तरी दर खेळीला एक ओळ पुरी व्हावी. संगणकाच्या सात सोंगट्या गेल्या आणि डाव संपला. मी तीन दिवस त्याच्याकडून हरत होतो. तिने पदराला हात पुसले आणि यापेक्षा हुशार गडी आहे का, असे विचारले. तेव्हा पुढच्या पथिकाश्रमापर्यंत घोडा दौडवण्याचे काम माझ्याकडे आले.