नर-मादी उंदरांच्या यकृताचे प्रयोग करताय? या चुका टाळा

"मॅडम, मादीत जास्त आलं." एवढ्या भांडवलावर थिसिसचं अख्खं प्रकरण रचणारी मुलं बघून आता कंटाळा आलाय.

यकृताला कोलेस्टेरॉलच्या रेणूतली वलयं फोडता येत नाहीत. ते त्याची पित्ताम्लं करतं आणि ती आतड्यात सोडतं. या मुख्य वाटेचा वेग सिप७ए१ हे एन्झाइम ठरवतं. उंदरांच्या अनेक जातींत ते मादीत जास्त असतं, आणि पर्यायी वाटेवरचं सिप७बी१ नरात जास्त. इथवर सगळे पाठ करून येतात.

पण घड्याळ विसरतात. उंदीर रात्री खातो, त्यामुळे सिप७ए१ अंधारात चढतं, उजेडात उतरतं. एका विद्यार्थ्याने देखणा आलेख आणला होता, मादीचा खांब नराच्या जवळजवळ दुप्पट. नमुने कधी घेतले, विचारलं. वहीत वेळच नाही! अ‍ॅनिमल हाउसच्या रजिस्टरवरून कळलं: नर सगळे सकाळी, माद्या चहानंतर संध्याकाळपर्यंत. कारण काय, तर नरांचे पिंजरे वरच्या फळीवर होते, हाताला आधी लागले. परत करायला लावलं. फरक उरला, पण बराच लहान. तोवर पठ्ठ्याने परिषदेला सारांश पाठवूनही दिला होता. घाई कसली असते यांना, देव जाणे.

माझ्याकडे नियम साधा आहे: एक नर, एक मादी, पुन्हा नर, पुन्हा मादी. प्रत्येक नळीवर वेळ. दोन तासांत उरकत नसेल तर दोन दिवस घ्या, पण दोन्ही दिवशी नर आणि माद्या दोन्ही हवेत. खाणं काढायचं तर सगळ्यांचं एकाच वेळी काढा.

एन्झाइमचा आरएनए (ते बनवायचा जनुकाचा निरोप) वाढला म्हणजे एन्झाइमचं काम वाढलं असं नाही. रक्तातलं कोलेस्टेरॉल मोजून यकृताच्या कामाचा अंदाज बांधू नका, आणि नर-माद्यांचे नमुने एकत्र करून 'उंदीर' असं तर मुळीच लिहू नका.

फरक दिसला की इस्ट्रोजेनला हार घालायची सवयही सोडा. उंदरांच्या यकृतातले बरेचसे नर-मादी फरक वाढीच्या हार्मोनच्या लयीवर ठरतात. नरात ते लाटांनी येतं, मधे जवळजवळ कोरडं. मादीत त्या मानाने सलग. अंडाशय काढून फरक गेला नाही म्हणून प्रयोग 'फसला' असं मला सांगत येऊ नका. तेच तर उत्तर असू शकतं.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक शेवटच्या प्रकरणात सापडते: "यावरून स्त्रियांमध्ये..." थांबा. उंदीर म्युरिकोलिक आम्ल बनवतो, माणसाचं यकृत बनवत नाही. या आम्लाच्या एका रूपाने एफएक्सआर हा रिसेप्टर (पित्ताम्लं ओळखणारं पेशीतलं प्रथिन) दबतो, म्हणजे पित्ताम्लं बनण्यावरचा ब्रेकच उंदरात वेगळा. उंदराला सीईटीपी (एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल रक्तातल्या इतर कणांत नेणारं प्रथिन) नाही, त्याचं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये, म्हणजे 'चांगल्या' कोलेस्टेरॉलच्या कणांत फिरतं. आणि बायकांचं चित्र बघा: इस्ट्रोजेनमुळे पित्तात कोलेस्टेरॉल जास्त उतरतं, प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय सुस्तावतं, म्हणून मूल होण्याच्या वयात पित्तखडे पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त. मादी उंदीर कोलेस्टेरॉलची जास्त विल्हेवाट लावते असा आलेख दाखवून बायकांना निर्धास्त करणारे लेख वाचले की पेपर फेकावासा वाटतो.

"माद्यांचं ऋतुचक्र असतं, म्हणून फक्त नर घेतले" ही सबब जुनी झाली. 2014 मध्ये शेकडो लेखांतले आकडे एकत्र तपासले, तेव्हा माद्यांच्या मोजमापांत नरांपेक्षा जास्त चढउतार दिसले नाहीत. शिवाय एका पिंजऱ्यातले नर भांडतात, वरचढ कोण यावर त्यांची हार्मोन्स हलतात, त्याची तक्रार कुणी करत नाही. तरी धास्ती वाटत असेल तर योनीतल्या पेशींचा स्मिअर काढून स्लाइड बघा आणि चक्राचा टप्पा वहीत लिहा. पाच मिनिटांचं काम आहे.