गेटबाहेर गेलं म्हणजे सुटलो? डाइंगवाल्यांनो, या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या डाइंग (कापड-सूत रंगवणाऱ्या) युनिटांचे प्रदूषण मंडळाचे कागद मी बरीच वर्षं भरतोय. मालक बदलतात, चुका त्याच. "ओ, आमचा कचरा तो केवढा! मोठ्या कंपन्यांना धरा की," हे तर दर आठवड्याला ऐकतो. २०१६ च्या घातक कचरा नियमांत 'छोटा आहे, जाऊ द्या' असं कलम मला अजून सापडलेलं नाही.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते रिकाम्या ड्रमांवरून. रसायनाचा रिकामा ड्रम हासुद्धा घातक कचराच, तो परवानाधारकाकडेच जायला हवा. पण सोलापुरात निळ्या ड्रमाला गिऱ्हाईक कधीच कमी नाही. नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांचं भरून ठेवायचं तर घरटी दोन ड्रम लागतातच. भंगारवाला रोख मोजतो, मालक खूश.

एका युनिटमधून दिवाळीच्या तोंडावर असे अकरा ड्रम गेले. मी नको म्हटलं होतं. "अहो, दोनदा धुतलेत," असं उत्तर मिळालं. (धुतलेलं पाणी कुठं गेलं, हे विचारल्यावर विषय बदलला.) पंधराएक दिवसांनी जिगरवरचा (कापड रंगवायच्या यंत्रावरचा) एक कामगार रिक्षात ड्रम घालून गेटवर हजर. "मालक, ह्यातलं पाणी फेसाळतंय. पोरांच्या अंगाला खाज सुटलीय." ड्रमाच्या बुडाशी पांढऱ्या रंगानं '७' लिहिलेलं, आमच्याच स्टोअरचा आकडा. आत वेटिंग एजंट असायचा, म्हणजे कापड लवकर भिजावं म्हणून घालायचं साबणासारखं रसायन. बिचाऱ्यानं आपल्याच कारखान्याचा ड्रम भंगार बाजारातून विकत घेतला होता. मालकांनी दवाखान्याचे पैसे दिले, ड्रम ठेवून घेतला. उरलेले दहा कुणाच्या मोरीत आहेत, ते भंगारवाल्यालाही सांगता आलं नाही.

तेव्हापासून ड्रम पूर्ण निथळला की बुडाला भोक पाडल्याशिवाय मी तो स्टोअरबाहेर काढू देत नाही. भाव कमी येतो म्हणून शिव्या खातो, खातो.

दुसरी चूक ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटच्या, गाळाची. ट्रॅक्टरवाला निम्म्या पैशात उचलतो म्हणतो आणि कुठल्या तरी जुन्या दगडखाणीत ओततो. नुकसान झालं तर नियम कचरा करणाऱ्यालाच धरतात, ट्रॅक्टरला दिला म्हणून सुटका नाही. जनविश्वास कायद्यानंतर (यानं तुरुंगवासाच्या जागी दंड आणले) पर्यावरण कायद्याखालचा दंड १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत आहे. वाचवलेलं भाडं त्यात किती बसतं ते बघा.

रीतसर पाठवणारेही एका जागी चुकतात. मॅनिफेस्टच्या, म्हणजे कचऱ्याच्या गाडीसोबतच्या चलनाच्या, सात रंगांच्या सात प्रती. वाहतूकदाराच्या सहीची पिवळी फाइलला लावली की मालक निर्धास्त. पिवळी म्हणजे माल निघाला, एवढंच. पोहोचला हे निळी सांगते, ती घेणाऱ्यानं सही करून परत पाठवायची असते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गाडी निघाली त्या तारखेला गोल करतो, निळी हातात आली की फुली. फुली नाही तोवर फोन.

बाकीच्या किरकोळ, पण रोजच्या:

गाळाची पोती उघड्यावर. एक वळीव आला की सगळा रंग शेजाऱ्याच्या दारात. छप्पर आणि पक्की फरशी, दुसरा उपाय नाही.

९० दिवसांपेक्षा जास्त साठा. छोट्यांना मंडळ मुदत वाढवून देऊ शकतं, पण अर्ज केला तर.

तेलकट चिंध्या पेटवणं. यावर मी बोलणंच सोडलंय.

नमुना ३ ची नोंदवही वर्षातून एकदा, एकाच पेनानं, एका बैठकीत. तपासायला येणाऱ्यालाही डोळे असतात.

आणि नमुना ४ चं वार्षिक विवरणपत्र. मुदत ३० जून. २९ तारखेला रात्री फोन केलात तर मी उचलत नाही.