कुशनच्या कामात येताय? आधी उसवायला शिका

पस्तीस वर्षं झाली मी गाड्यांच्या सीटा शिवतोय, आणि त्यातली शेवटची पंधरा-सोळा वर्षं बोटींच्या गाद्यापण. हल्ली पोरं फोन करून विचारतात, काका हे शिकायचं तर मशीन कुठली घेऊ, कोर्स कुठे आहे, कामाचा भाव कसा सांगायचा. आयटीआयला शिवणकामाचा ट्रेड आहे, केलात तर हात बसेल, चांगलंच आहे. पण सीट ही कपड्यासारखी नसते, तिच्यावर ऐंशी किलोचा माणूस रोज दहा वेळा घसरत बसतो आणि घसरत उठतो. ते दुकानातच कळतं.

मी शिकलो कोल्हापूरला. तिकडं आमच्या दुकानांवर "कुशन वर्क्स" असंच लिहिलेलं असतं, ट्रक, जीप, रिक्षा, ट्रॅक्टर, जे येईल ते. पहिले आठ महिने मिस्त्रींनी मला मशीनला हात लावू दिला नाही. सीट आली की माझ्याकडे, ब्लेड घ्यायचं, एकेक टाका कापायचा, कव्हर आतल्या तारेला अडकवणाऱ्या रिंगा पक्कडीने काढायच्या, कव्हर न फाडता वेगळं करायचं आणि प्रत्येक तुकड्यावर खडूने लिहायचं, डावा, उजवा, वर, खाली. मी कुरकुर केली की म्हणायचे, "शिवायचं मग बघू लेका, आधी उसवायला शीक. ज्यानं शिवलंय त्यानं सगळं आत लिहून ठिवलंय." तेव्हा राग यायचा. आज माझ्याकडे पोरगा येतो त्याला मीपण तेच करायला लावतो, कारण जुनं कव्हर हाच तुमचा फर्मा, म्हणजे कापायचा नमुना, शिलाईला कापड किती सोडलंय, ताण कुठे दिलाय, आतली तार कुठल्या खाचेत बसते, फोम कुठे दबलाय, सगळं त्यात दिसतं. तेव्हाच्या सीटांत स्प्रिंगा आणि वर काथ्या असायचा, दाभणाने सुतळीचे टाके घालून तो बसवायचा. ते काम आता फारसं येत नाही, पण जुन्या गाड्या हौसेने ठेवणारे लोक आहेत आणि ते चांगले पैसे देतात, म्हणून दाभण धरायला शिकून ठेवा.

नंतर मुंबईला आलो, टॅक्सीच्या कामावर. पद्मिनी टॅक्सी. ऑक्टोबर २०२३ ला शेवटची रस्त्यावरून गेली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, त्यातल्या किती सीटा या हातांखालून गेल्या असतील.

आता मशीनचं. घरगुती मशीनवर हे काम होत नाही. वॉकिंग फूटवाली घ्या, ज्यात पाऊल, सुई आणि खालचे दात तिन्ही एकदम माल पुढे ढकलतात, म्हणजे रेक्झिन, फोम, अस्तर असे थर एकमेकांवर सरकत नाहीत. सेकंडहँड घेतलीत तरी चालेल पण मोटर सर्वोची लावा, हळू चालवता येते, वळणावर एकेक टाका टाकता येतो. टाका साधारण ४ मिलिमीटरचा ठेवा. नवीन पोरं मजबूत होईल म्हणून बारीक टाका घालतात आणि मग रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखं भोकाभोकांवर फाटून येतं. फोम बसायला ४० डेन्सिटी, पाठीला ३२, याच्या खाली जाऊ नका, गिऱ्हाईक सहा महिन्यांत परत येतं. आणि फोम चिकटवायचं सोल्युशन लावताना दार-खिडक्या उघड्या ठेवा, शेजारी बिडी पेटवू देऊ नका. मी बरीच वर्षं बंद खोलीत लावलं, रोज संध्याकाळी डोकं धरायचं, ते तुम्ही करू नका.

एक गोष्ट अगदी हात जोडून सांगतो. आताच्या बऱ्याच गाड्यांत साईड एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीतच असते, दाराच्या बाजूला. कंपनी तिथली शिलाई मुद्दाम अशी घालते की बॅग फुगली की ती उसवावी. त्यावर तुम्ही जाड दोऱ्याने बंद कव्हर चढवलंत तर बॅग बाहेर यायला अडकेल. दिसायला छान दिसतं म्हणून गिऱ्हाईक मागतं, तरी नाही म्हणायचं. कव्हरची ती बाजू उघडी ठेवा, नाहीतर त्या गाडीसाठी टेस्ट केलेलंच कव्हर घ्या. सीट काढायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबा, आणि खाली पिवळा कनेक्टर दिसला की समजायचं हा एअरबॅगचा आहे.

बोटीचं काम मला असंच मिळालं, मांडव्याकडच्या एका माणसाच्या स्पीडबोटीच्या सहा गाद्या. मला वाटलं गाडीसारखंच आहे. चांगलं जाड रेक्झिन घेतलं, नेहमीचा फोम, नेहमीचा नायलॉन दोरा, खाली साधा प्लाय आणि साध्या पिना. दिली तेव्हा इतकी सुंदर दिसत होती की फोटो काढून घरी दाखवले. एका सीझननंतर त्यांनी परत बोलावलं. नाळेकडची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची गादी उचलली तर नेहमीच्या दुप्पट जड, दाबली तर शिलाईतून काळं पाणी आलं, पिना गंजून तांबडे ओघळ पांढऱ्या रेक्झिनवर, दोरा बोटाने ओढला तर तुटला, आणि मागचं सुती कापड बुरशीने काळं. मी तिथे जेट्टीवरच बसून सहाही गाद्या उसवल्या. त्या दिवशी जे कळलं ते कुणी सांगून कळलं नसतं. उन्हाने नायलॉन कुजतो, तिथे पॉलिएस्टरचा बाँडेड दोरा लागतो. पिना ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या, ३०४ ग्रेडची खाऱ्या हवेत डाग धरते. प्लाय मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा, आणि त्याला भोकं. गादीच्या खालच्या बाजूला जाळी. पाणी सुईच्या भोकातून आत जाणारच, तुम्ही काहीही करा, त्याला बाहेर यायला वाट ठेवायची. बसायच्या गाद्यांना उघड्या जाळीसारखा फोम मिळतो, पाणी ओतलं की खालून सरळ निघून जातं, महाग आहे पण मी आता तोच घालतो. त्या सहा गाद्या मी माझ्या पैशाने परत करून दिल्या, आणि त्याच माणसाने पुढे मला चार बोटी मिळवून दिल्या.

बोटीत एकही रेघ सरळ नसते. डावी आणि उजवी सारखी असेल असं धरून कापू नका, दोन्हीचे वेगळे फर्मे काढा, पारदर्शक प्लास्टिक अंथरून मार्करने. काम येतं ते पावसाळ्यात, मे संपता संपता बोटी वर ओढल्या की ऑगस्टपर्यंत, आणि सगळ्यांना गणपतीच्या आत हवं असतं. तेव्हा गाड्यांचं काम थोडं मंद असतं, म्हणून दोन्ही येत असेल तर वर्षभर हात रिकामा राहत नाही.

पैशाचं विचारता म्हणून. फोनवर भाव सांगायचा मोह होतो, मी सांगत नाही. सीट आणा म्हणतो, खालच्या दोन रिंगा काढून आत हात घालून बघतो, फोम, तार, प्लाय, आणि मग आकडा बोलतो.