ॲन ब्रॅडस्ट्रीट वाचायला घेताना: नवरा, देव आणि बारा ओळी

अमेरिकन साहित्याचा पेपर घेतला की सुरुवातीलाच कवयित्री ॲन ब्रॅडस्ट्रीट समोर येते, आणि बहुतेकांची ओळख 'टू माय डिअर अँड लव्हिंग हजबंड' या एका कवितेवर थांबते. बारा ओळी, सोपे शब्द, नवऱ्यावरचं उघड प्रेम. मग उत्तरात दोनपैकी एक वाक्य हमखास येतं: 'प्युरिटन कर्मठ होते, पण ॲनने बंड केलं', नाहीतर 'ती आदर्श पतिव्रता होती'. (प्युरिटन म्हणजे चर्च शुद्ध करू पाहणारे कडवे इंग्रज प्रोटेस्टंट.) कविता ओळीओळीने वाचली की दोन्ही वाक्यं गळून पडतात. ॲन नवऱ्याशी ज्या शब्दांत बोलते, त्याच शब्दांत देवाशी बोलते. सगळा ताण तिथे आहे, आणि तो शब्दांतच पकडावा लागतो.

चरित्र थोडक्यात पुरतं. जन्म १६१२, इंग्लंड. वडील थॉमस डडली लिंकनच्या अर्लचे, म्हणजे सरदाराचे, कारभारी, त्यामुळे मोठ्या घरातली पुस्तकं लहानपणीच हाताशी आली. साधारण सोळाव्या वर्षी सायमन ब्रॅडस्ट्रीटशी लग्न. १६३० मध्ये 'आर्बेला' जहाजाने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीत. पुढे आठ मुलं, आधी इप्सविच, मग अँडोव्हर, आणि १६७२ मध्ये मृत्यू. नवरा वसाहतीच्या कारभारात असल्याने सतत घराबाहेर, हे मात्र लक्षात ठेवा. विरहाच्या कविता त्यातून आल्या.

चरित्रापेक्षा कुठली कविता कधी छापली गेली, हे जास्त महत्त्वाचं. तीन गठ्ठे करा. पहिला, १६५० मध्ये लंडनला निघालेलं पुस्तक. तिच्या बहिणीचे यजमान जॉन वुडब्रिज यांनी ते छापून आणलं. त्यात इतिहास, ऋतू, चार मूलतत्त्वं असल्या लांबलचक रचना आहेत, नवऱ्यावरच्या कविता नाहीत. दुसरा, तिच्या मृत्यूनंतर १६७८ मध्ये बॉस्टनला निघालेली आवृत्ती. दाम्पत्यप्रेमाच्या प्रसिद्ध कविता इथे पहिल्यांदा छापल्या गेल्या. तिसरा, घरातली हस्तलिखित वही. ती १८६७ च्या आवृत्तीत समग्र आली. 'तिने १६५० मध्ये प्रेमकविता प्रसिद्ध करून खळबळ उडवली' असं लिहिलंत तर पुढचं सगळं उत्तर कोसळतं.

सुरुवात चारच कवितांनी करा. बारा ओळींची वर सांगितलेली, २६ ओळींचं इप्सविचहून नवऱ्याला लिहिलेलं पत्र, २८ ओळींची 'बिफोर द बर्थ ऑफ वन ऑफ हर चिल्ड्रन', आणि १६६६ मध्ये घर जळालं त्यावरची ५४ ओळींची. एकूण १२० ओळी. टीकाग्रंथ उघडण्याआधी प्रत्येक कविता तीनदा मोठ्याने वाचा. शेजारी बायबल ठेवा. अर्थासाठी मराठी चालेल, पण शब्द जुळवायला इंग्रजी हवं, आणि तेही त्या काळातलं: १५६० चं जिनिव्हा किंवा १६११ चं किंग जेम्स.

आता बारा ओळी. पहिल्या ओळीतलं 'दोघं एक' हे बायबलच्या उत्पत्ती २:२४ (अध्याय दोन, वचन चोवीस) मधलं 'एकदेह'. पुढे ती नवऱ्याचं प्रेम सोन्याच्या खाणींहून आणि पूर्वेच्या सगळ्या संपत्तीहून मोलाचं मानते. सातव्या ओळीत नद्यांनाही न विझणारं प्रेम येतं, तेव्हा गीतरत्न ८:७ काढा. महापुराने प्रेम विझत नाही, आणि घरातलं सारं धन देऊनही ते विकत मिळत नाही, असं तिथे एकाच वचनात आहे. पाणी आणि पैसा या दोन्ही प्रतिमा तिने तिथून जोडीने उचलल्या आहेत. विद्यार्थी नदीची नोंद करतात आणि पैशाची विसरतात. पैसा धरला की पुढच्या ओळी उलगडतात: मोल, भरपाई, परतफेड, मोबदला. नवऱ्याचं ऋण आपल्याने फिटणार नाही, म्हणून स्वर्गाने ते फेडावं, असं ती म्हणते. प्युरिटन ज्याला मानत त्या धर्मशास्त्री कॅल्व्हिनच्या शिकवणीत माणूस देवाच्या कृपेची परतफेड करू शकत नाही. जी भाषा त्या कृपेसाठी राखीव, ती इथे नवऱ्यासाठी वापरली आहे. इथे जरा थांबा, हे सहज झालेलं नाही.

शेवटच्या जोडओळीत 'पर्सिव्हिअर' (टिकून राहणं) हा शब्द आहे. आजच्या उच्चाराने वाचलात तर 'एव्हर'शी यमक जुळत नाही, आणि मग 'यमक सदोष' असा शेरा मारला जातो. तेव्हा उच्चार 'पर्सेव्हर' होता, आघात दुसऱ्या अक्षरावर. यमक चोख आहे. 'क्वेंच' आणि 'रिकम्पेन्स' ही जोडी मात्र खरोखर सैल आहे. शिवाय 'पर्सेव्हर' हा शब्द साधा नव्हे. देवाने निवडलेले लोक शेवटपर्यंत श्रद्धेत टिकतात, या सिद्धांताचं नावच त्यावरून पडलं आहे. प्रेमात असं टिकू या, की आपण नसू तेव्हाही कायमचे जगू, असं ती म्हणते.

इथे मराठी वाचकाच्या मनात लगेच सात जन्मांची गाठ येते. ती बाजूला ठेवा. प्युरिटनांनी विवाहाला संस्कार मानलं नाही, करार मानलं. मॅसॅच्युसेट्समध्ये १६८६ पर्यंत लग्न दंडाधिकारी लावत, पाद्री नव्हे. स्वर्गात लग्नं नसतात, असं मत्तय २२:३० सांगतं. बाळंतपणाआधीच्या कवितेत तीच लिहिते, की आपल्याला एक करणारी गाठ सुटेल तेव्हा मी तुझी भासेन, पण असणार नाही. मग बारा ओळींतलं 'कायमचं जगणं' कुणाचं? दोन आत्म्यांचं, की त्यांच्या प्रेमाचंही? कविता याचं उत्तर देत नाही. उत्तरात हा प्रश्न मांडून ठेवा, सोडवून टाकू नका.

याच २८ ओळींत ती नवऱ्याला विनवते, की माझ्या मुलांना सावत्र आईच्या जाचापासून जप. बाळंतपणात मरण येणं ही तेव्हा रोजची भीती होती. त्या बाळंतपणातून ती वाचली. सायमनने तिच्या मृत्यूनंतर, १६७६ मध्ये, दुसरं लग्न केलं.

इप्सविचचं पत्र सगळ्यांत श्रीमंत आणि सगळ्यांत जास्त चुकीचं वाचलं जाणारं. पहिल्याच दोन ओळींत नवरा 'मस्तक' आहे आणि 'मॅगझिन' आहे. मॅगझिन म्हणजे कोठार, मासिक नव्हे. 'मस्तक' इफिसकरांस ५:२३ मधून येतं: पती हा पत्नीचं मस्तक. पण ती लगेच म्हणते, मस्तक आणि हृदय यांच्यात नुसती मान असती तर आपण केव्हाच भेटलो असतो! वडीलकीच्या वचनातून तिने शरीराची तहान बाहेर काढली आहे.

मग नवरा सूर्य होतो आणि मकर राशीत जातो. आपल्याकडे मकर म्हटलं की १४ जानेवारी, तिळगूळ आणि दिवस मोठे होण्याची चाहूल. तिच्या पंचांगात सूर्य मकरेत शिरतो तो दिवस वर्षातला सर्वांत लहान, म्हणजे तेव्हाच्या जुन्या कालगणनेने डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. कर्क म्हणजे भर उन्हाळा. बॉस्टन इप्सविचच्या दक्षिणेला, म्हणून सूर्य दक्षिणेला गेला की नवराही दक्षिणेला गेलेला. हे भूगोलाशी जुळवलंत की 'काय नवल, दिवस मला लांब वाटतो' ही ओळ उमगते. हिवाळ्याचा दिवस खरा तोकडा, पण नवरा नसल्याने तो सरत नाही. सूर्याने परतावं आणि आपल्या उरातल्या कर्केत तळपत राहावं, ही प्रतिमा उघड शारीरिक आहे. 'सूचक' म्हणून झाकू नका.

शेवटच्या दोन ओळींची अक्षरं मोजा. आधीच्या ओळींत दहा, इथे आठ. 'तुझ्या मांसातलं मांस, तुझ्या हाडातलं हाड' हे उत्पत्ती २:२३ मध्ये आदामाच्या तोंडी आहे. इथे ते बायको बोलते.

आता वही उघडा. सायमन वसाहतीच्या कामासाठी इंग्लंडला निघाला, त्या वेळच्या प्रार्थनाकवितेवर १६ जानेवारी १६६१ अशी तारीख आहे. तेव्हा इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून आपल्या हिशोबाने ते १६६२. याच काळातल्या दुसऱ्या कवितेत ती म्हणते, की प्रिय पती दूर गेला तरी मला त्याहून प्रिय असा एक आहे. स्तोत्रांच्या चालीतल्या या साध्या ओळी पत्राशेजारी ठेवून वाचा. स्त्री तीच, विरह तोच, फक्त श्रोता बदलला आहे. 'आधी नवरा, मग देव, असा तिचा प्रवास झाला' हा निष्कर्ष काढू नका. बऱ्याच कवितांच्या तारखा तो पेलत नाहीत.

जगावरचं मन कसं सोडवायचं, हा प्युरिटनांचा कायमचा प्रश्न. त्यासाठी ते स्तोत्र १३१ मधलं दूध तोडलेल्या बाळाचं रूपक वापरत. मुलगा सायमन याच्यासाठी १६६४ मध्ये लिहिलेल्या गद्य चिंतनांत ॲनने ते स्वयंपाकघरातून मांडलं आहे: काही बाळांचं दूध लवकर तुटत नाही, स्तनाला कडू पाला किंवा मोहरी चोळली तरी ती पुसून काढतात, नाहीतर कडूगोड एकदमच पितात. कडुनिंब किंवा कोरफड लावून अंगावरचं दूध तोडणाऱ्या घरांतल्या वाचकाला याला तळटीप लागत नाही. जळलेल्या घराची कविता या चिंतनासोबत वाचा. बायबलमधल्या ईयोबासारखं 'त्याने दिलं, त्याने नेलं' म्हणून झाल्यावरही ती इथे पेटी होती, तिथे संदूक होती, असं बोट ठेवत फिरते.

तुलना करायचीच तर संत बहिणाबाई शिऊरकर समकालीन आहेत, १६२८ ते १७००. पण त्यांच्या अभंगांत नवरा भक्तीच्या आड येतो आणि हात उगारतो. ॲनच्या कवितेत तो तसा कधीच येत नाही. फरकापासून सुरुवात केलीत तरच तुलना उभी राहते.

चार कविता पचल्या की ३१ ऑगस्ट १६६९ ची थकलेल्या यात्रेकरूची कविता घ्या. शेवटच्या ओळीत ती ख्रिस्ताला वर, म्हणजे नवरदेव, म्हणून हाक मारते: ये, प्रिय वरा, ये. मग पुन्हा इप्सविचच्या पत्रातली 'परत ये, परत ये, गोड सूर्या' ही ओळ काढा आणि दोन्ही लागोपाठ मोठ्याने म्हणा.