वेग्रेव्हिलचं अंडं पाहायला निघण्याआधी

कॅनडात एडमंटनला कुणाचे आई-बाबा उन्हाळ्यात आले की बॅन्फ आणि जॅस्पर ही डोंगरातली ठिकाणं ठरलेलीच असतात. जरूर न्या. पण एक शनिवार पूर्वेकडच्या गावांसाठी राखून ठेवा, असं मी भेटेल त्याला सांगते. तिकडे डोंगर नाहीत. सपाट शेतं आहेत, जूनच्या शेवटापासून पिवळीधमक होणारी कनोला (तेलबियांचं पीक) आहे आणि साधारण शंभर किलोमीटरवर साडेपाच हजारांहून थोड्या अधिक वस्तीचं वेग्रेव्हिल आहे. त्या गावाने 1975 साली तीन मजली घराएवढं ॲल्युमिनियमचं अंडं उभारलं. ते वाऱ्यावर फिरतं.

आधी दिवस ठरवा. मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत कधीही चालेल. जुलैच्या सुरुवातीला तिथे युक्रेनियन पिसांका महोत्सव असतो (पिसांका म्हणजे नक्षीचं ईस्टरचं अंडं). तेव्हा नाच-गाणं भरपूर असतं, गर्दीही असते. आई-बाबांना निवांत बघायचं असेल तर ते दिवस टाळा. रविवारही नकोच, कारण लहान गावांतली बरीच दुकानं त्या दिवशी बंद असतात आणि दुकानं बंद असतील तर गावाशी बोलणंच होत नाही.

आदल्या रात्री गाडीची टाकी भरून ठेवा. नकाशा फोनवर उतरवून घ्या, आतल्या रस्त्यांवर सिग्नल मध्येच जातो. यलोहेड हायवे, म्हणजे 16 नंबर, वेग्रेव्हिलला वळसा घालून पुढे निघून जातो. गावात शिरायचं तर 16ए वर वळावं लागतं. अंडं गावाच्या पूर्व टोकाला, बागेत आहे. कपड्यांबद्दल एकच सांगणं, वारा. एडमंटनमध्ये टी-शर्टवर फिरता तो दिवस असला तरी मोकळ्या माळावर आईंच्या कानाला रुमाल आणि अंगात जाकीट हवंच. डासांचं औषध जूनपासून लागतं. ज्येष्ठांसाठी घडीची एक खुर्ची डिकीत टाका, का ते पुढे सांगते.

जेवणाचा डबा अर्धाच न्या. पोळी-भाजी पोटभर बांधून नेली की कुणी गावातल्या उपाहारगृहात शिरत नाही, आणि या भागात येऊन पेरोगी न खाणं म्हणजे कोल्हापूरला जाऊन मिसळ न खाणं. पेरोगी म्हणजे मैद्याच्या पारीत बटाट्याचं किंवा बटाटा-चीजचं सारण भरून उकडलेली छोटी करंजी. वर परतलेला कांदा आणि आंबट साय. घरच्यांना आवडतेच. मात्र शाकाहारी मंडळींनी मागवतानाच विचारावं, कारण कांद्यात बरेचदा बेकनचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, तुकडे असतात. कोबीच्या पानात भात गुंडाळून केलेले रोलही मिळतात, त्यातही मांस आहे का हे विचारा. विचारलेलं कुणाला खटकत नाही. गेल्या वर्षी काउंटरवरच्या आजींनी माझ्या सासूबाईंसाठी लोण्यात वेगळा कांदा परतून आणला आणि “तुमच्याकडे सारणात काय घालता?” असं विचारत दहा मिनिटं टेबलाशी उभ्या राहिल्या. म्हणून वेळ हाताशी ठेवून जा. इथे लोक बोलतात. आतल्या रस्त्यावर समोरून येणारा ट्रकवालासुद्धा स्टिअरिंगवरून बोटं उचलून ओळख देतो, तुम्हीही द्या.

वाटेत आधी मंडेर लागतं, हायवेपासून जरा उत्तरेला. तिथे सॉसेजच्या, म्हणजे मांस भरलेल्या नळीच्या, वेटोळ्याचं 42 फूट उंचीचं शिल्प आहे, 2001 साली गावातल्या सॉसेजच्या जुन्या दुकानाच्या कुटुंबाने उभं केलेलं. फोटो काढा, पाय मोकळे करा, अर्धा तास पुरे. युक्रेनियन वारसा-गाव हे खुलं संग्रहालयही 16 नंबरवरच आहे आणि फार सुंदर आहे, पण त्याला अर्धा दिवस लागतो. या दिवसात ते कोंबू नका.

आता अंडं. निघण्याआधी घरच्यांना थोडी पार्श्वभूमी सांगून ठेवा, म्हणजे तिथे पोचल्यावर “हे काय, अंडं?” असं होत नाही. युक्रेनमधून शेतकरी कुटुंबं 1890च्या दशकात या भागात आली. ईस्टरला अंड्यावर मेणाने नक्षी करून रंगवायची त्यांची रीत, तीच पिसांका. हा शब्द ‘लिहिणे’ या क्रियापदावरून आलाय. पिसांका रंगवत नाहीत, लिहितात. आपल्याकडे वारली लग्नघरी भिंतीवर चौक लिहितात, अगदी तसंच. हे सांगितल्यावर माझ्या सासऱ्यांचा चेहरा बदलला होता, ते डहाणूला शिक्षक होते.

कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांच्या शताब्दीनिमित्त या गावाने पिसांका उभारायचं ठरवलं. पत्र्याचं अंडं करायचं तर खरी अडचण आकाराची. अंडं सगळीकडे वेगवेगळं वळतं, सपाट पत्रा तसा वळत नाही. युटा विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ रॉन रेश यांनी संगणकावर गणित मांडून तोड काढली. त्रिकोण आणि चांदण्यांचे सपाट तुकडे घ्यायचे आणि प्रत्येक सांध्यावर अगदी किंचित कोन द्यायचा. फुगीर भागात कोन कमी, टोकाकडे जास्त. 2,208 त्रिकोण, 524 चांदण्या. लांबी पावणेआठ मीटर, वजन सव्वादोन टनांच्या आसपास. सोनेरी, चंदेरी आणि ब्राँझ, एवढेच रंग.

खुर्ची इथे उघडा. बहुतेक लोक गाडीतून उतरतात, फोटो काढतात आणि पाच मिनिटांत निघतात. तुम्ही वीस मिनिटं थांबा. वारा पडलेला असताना अंडं स्थिर असतं. मग झुळूक येते आणि ते सगळं धूड सावकाश वळायला लागतं. ऊन एका त्रिकोणावरून शेजारच्या त्रिकोणावर सरकतं, एक चांदणी विझते, तिच्या खालची पेटते. आई-बाबांना हे बसून बघू द्या. फोटोसाठी मात्र लांब जा. जवळून फक्त पोट येतं, टोकं कापली जातात.

परतताना एल्क आयलंड राष्ट्रीय उद्यानात बायसन, म्हणजे इकडचे गवे, बघता येतील. प्रवेश शुल्क आहे, आणि गव्यांपासून शंभर मीटर अंतर ठेवायचं, गाडीतून उतरून जवळ जायचं नाही. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, वेग कमी ठेवा. अँड्र्यू, व्हिल्ना आणि ग्लेंडन या गावांतली शिल्पं, म्हणजे अँड्र्यूचं भलंमोठं बदक, व्हिल्नाची मशरूम, ग्लेंडनची काट्यात खुपसलेली पेरोगी, सेंट पॉलचा 1967 सालचा उडत्या तबकड्यांसाठीचा काँक्रीटचा चौथरा, हे सगळं याच बाजूला आहे, पण त्यासाठी दुसरा दिवस आणि रात्रीचा मुक्काम काढा. एका दिवसात सगळं उरकायला गेलात तर बघणं राहून जातं.

निघताना गावातूनच काहीतरी घ्या. लिहिलेली खरी पिसांका मिळाली तर घेण्याआधी आतलं काढून टाकलंय का, हे विचारा. कित्येक पिसांका कच्च्या, भरलेल्या अंड्यावर लिहिलेल्या असतात. ती प्रवासात तडकली तर बॅगेतले सगळे कपडे जातील. रिकामी असेल तर लोकरी मोज्यात घालून डब्यात ठेवा आणि डबा हातातल्या बॅगेत न्या. मुलं सोबत असतील तर लाकडाची घ्या.